अंधारांत पाहणारें यंत्र व आमचा ऊंस

शिरूर व दौंड तालुक्यांतील बागाइतदारांस रात्रीं उंसाला पाणी देण्याचा प्रसंग नवा नाहीं. नवी आहे ती भीति. घोड व भीमा यांच्या पाण्यावर ऊंस वाढला आणि वर्षभर निवारा देणाऱ्या त्या दाट पिकांत बिबट्यानें आपलें घर केलें. सन २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड व परिसरांत सुमारें तीन आठवड्यांत तीन माणसें बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्युमुखीं पडलीं. त्यांत दोन मुलें होतीं. पुढें वनखात्याच्या पथकानें नरभक्षक बिबट्या शोधून ठार केला, त्या कामीं उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचें ड्रोन उपयोगी पडलें. हें यंत्र पाहतें कसें आणि त्यावर आपण किती विसंबावें, हें शेतकरी बंधूंनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल यानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले व तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथें उष्णतामापक ठेवला. उष्णतामान चढलें! हाच अवरक्त प्रकाश होय. सृष्टींतील प्रत्येक पदार्थ तो बाहेर टाकतो. पदार्थ जितका अधिक तापलेला, तितक्या त्याच्या लहरी आखूड. माणूस व जनावर यांच्या अंगांतून निघणारा प्रकाश ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यांत विशेष असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेटलेलें पाचट, गुऱ्हाळाची चूल, तापलेलें इंजिन हीं ३ ते ५ मायक्रॉनच्या पट्ट्यांत अधिक झळकतात. हवा या दोन पट्ट्यांस वाट देते. त्यांमधील बऱ्याच लहरी हवेंतील बाष्प गिळून टाकतें.

साधा उष्णता-कॅमेरा यांपैकीं एकच पट्टा पाहतो. दुहेरी पट्ट्याचा संवेदक दोन्ही पट्टे एकाच वेळीं पाहतो, व त्यांची तुलना करून वस्तु खरोखर तापलेली आहे कीं केवळ उन्हानें चकाकते आहे, हें ओळखण्यास साहाय्य करतो. शत्रूला फसविण्यासाठीं विमानांतून सोडलेला जळता गोळा एका पट्ट्यांत इंजिनासारखा भासतो, दोन पट्ट्यांच्या तुलनेंत मात्र उघडा पडतो; म्हणून सैन्यास या विद्येची गरज. धुरापलीकडील वणव्याची सीमा ठरविणें, हा तिचा नागरी उपयोग.

असा संवेदक घडविणें मोठें नाजूक काम आहे. पारा, कॅडमियम व टेल्युरियम यांचें संयुग याकामीं वापरतात. त्याचा शोध ब्रिटनमध्यें सन १९५९ मध्यें प्रसिद्ध झाला. घटकांचें प्रमाण बदललें कीं तें टिपीत असलेली लहर बदलते. असे दोन थर एकावर एक चढवितात. वरचा थर आखूड लहरी शोषून घेतो व लांब लहरींस खालच्या थराकडे जाऊं देतो. परंतु संवेदक स्वतःच ऊबदार राहिला, तर त्याच्याच उष्णतेच्या गोंगाटांत बाहेरची खूण बुडून जाते. यास्तव त्यास बहुधा उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावें लागतें. त्यामुळें किंमत फार पडते. साध्या ड्रोनवर सामान्यतः न थंडविलेला, एकाच पट्ट्याचा, स्वस्त कॅमेराच असतो.

रणांगणावरची विद्या शेतांत येणें ही गोष्ट नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत तोडलेल्या फांद्यांखालीं लपविलेल्या तोफा अवरक्त फिल्मवर ओळखूं येत. कारण जिवंत पान तांबड्याजवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परतवितें, सुकलेलें तितका परतवीत नाहीं. पुणें येथील उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनीं सन १९७० च्या सुमारास हेलिकॉप्टरमधून अशाच फिल्मवर केरळांतील नारळबागांचीं चित्रें घेऊन झाडांचा मूळ-मर रोग टिपण्याचा प्रयोग केला. भारतांतील दूरसंवेदनाचा तो आरंभ मानतात.

आतां मर्यादा सांगितल्या पाहिजेत. उंसाचें पान उष्णतेच्या लहरींस अपारदर्शक असतें. दाट फडांत दबा धरून बसलेला बिबट्या एक पट्ट्याच्या काय, दोन पट्ट्यांच्या कॅमेऱ्यासही दिसत नाहीं. तो बांधावर, सरींतून वा तोडलेल्या रानांत आला म्हणजेच दिसतो. वैशाखांतील दुपारीं जमीन जनावराच्या अंगाइतकी तापते, तेव्हां चित्रांत फरक उरत नाहीं. पहांटेपूर्वीं जमीन निवालेली असतां शोध उत्तम चालतो. म्हणून ड्रोननें पाहणी करून कांहीं आढळलें नाहीं, एवढ्यावरून फड मोकळा आहे असें कोणीं समजूं नये.

यास्तव गांवानें कॅमेरा घ्यावयाचा झाल्यास विक्रेत्यास पट्टा कोणता, किती अंतरावरून जनावर ओळखूं येतें व रात्रींच्या उड्डाणाची परवानगी कोणाची, हे प्रश्न आधीं विचारावे. घराभोंवतीं उंसाचा कांहीं पट्टा मोकळा ठेवावा, मुलांस सांजवेळीं एकटें सोडूं नये, पाण्यास दोघांनीं मिळून दिवा घेऊन बोलत जावें. आणि खरा उपाय म्हणजे दिवसा वीज. शेतीपंपांस सौर विजेनें दिवसा पुरवठा करण्याची राज्याची योजना सन २०१७ पासून आहे; ती आपल्या फीडरवर केव्हां पोहोंचेल, याचा पाठपुरावा गांवांनीं एकजुटीनें केला पाहिजे. अंधारांत पाहणारें यंत्र कितीही चांगलें असो, शेतकऱ्यास अंधारांत जावेंच लागूं नये, हें त्याहून चांगलें.