शुद्ध केलेला विषाणू आणि मूळ विषाणू

भोसरी-चाकणच्या यंत्रशाळांत हयात घालविलेल्या टर्नरला हे पुरते ठाऊक असते की, पातळ भिंतीची रिंग चकमध्ये आवळून आतून कितीही गोल कापली, तरी चक सैल होताच तिचा आकार बिघडलेला आढळतो. प्रयोगशाळेत हाताळलेल्या विषाणूची गत पुष्कळशी अशीच असते. तरीही छापलेले चित्र म्हणजे त्याचे हुबेहूब रूप, हा समज सुशिक्षितांतही दृढ आहे.

1952 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने 2020 च्या मार्चअखेर, भारतातील पहिल्या कोविडरुग्णाच्या घशातील नमुन्यात दिसलेल्या करोना विषाणूचे चित्र प्रसिद्ध केले. सुमारे 75 नॅनोमीटरचा तो कण हा या रोगाच्या इतिहासातील मोलाचा दस्तऐवज होय. परंतु अशा चित्रासाठी नमुन्यास जड धातूच्या क्षाराचा लेप देऊन तो वाळवावा लागतो, आणि वाळताना मेदावरण असलेले कण चपटे होऊ शकतात, हे ध्यानी ठेवूनच तो दस्तऐवज वाचावयास हवा.

शुद्धीकरणाचा परिणाम याहूनही खोल जातो. अतिवेगी सेंट्रिफ्यूजमध्ये, गुरुत्वाकर्षणाच्या लक्षावधी नव्हे तरी लाखभर पटीच्या बलाने, साखरेच्या दाट द्रावणातून विषाणू तळाशी बसविताना त्यातील पाणी ओढले जाते, आवरण फाटू शकते, इन्फ्लुएन्झाचे लांब तंतुरूप कण तुटतात आणि करोनाच्या पृष्ठभागावरील काही काटे गळतात. पोलिओसारखा आवरणहीन विषाणू मात्र हाच जाच बराचसा सोसतो. हाताळण्याआधी विषाणूला निष्क्रिय करणारे रसायनही निरुपद्रवी नसते: 2020 मध्ये चीनमधील एका अभ्यासगटाला बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केलेल्या करोना विषाणूवर पेशीसंयोगानंतरच्या लांबट अवस्थेतील काटे आढळले, तर फॉर्मल्डिहाइडकुलातील रसायनाने स्थिर केलेल्या कणांवर दुसऱ्या गटाला मूळ अवस्थेतील सरासरी 26 काटे दिसले.

शुद्ध नमुन्यात केवळ विषाणूच असतो, हेही खरे नव्हे. पेशींतून स्रवणाऱ्या सूक्ष्म पुटिका आकाराने व घनतेने विषाणूच्या इतक्या जवळच्या असतात की सेंट्रिफ्यूजमध्ये त्या त्याच्याच थरात उतरतात.

या साऱ्यावरून विषाणू हाच कल्पित, असा जो निष्कर्ष काहींनी काढला, तो मात्र निराधार आहे, कारण कोणतेही शुद्धीकरण न करता, बाधित पेशींच्या पातळ छेदांतही हेच कण दिसतात, आणि क्षणार्धात गोठविलेल्या नमुन्यांशी, तसेच जनुकीय अनुक्रमाशी, त्यांची रुजुवात घालता येते. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे की, विषाणूचे चित्र पाहताना नमुना कोणत्या रीतीने तयार केला, याचा तपशील अवश्य विचारावा.