अमीरपेठेतल्या क्लासमधून बोलतोय

ऑगस्ट २०२१ मध्ये हैदराबादच्या इंदिरा पार्कच्या फाटकावर एक फलक लागला होता: अविवाहित जोडप्यांना बागेत प्रवेश नाही. गावभर बोभाटा झाला, महापालिकेने दिलगिरी व्यक्त केली आणि फलक उतरला. तो होता त्या दिवसांत आमच्यातली दोन मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रखवालदाराच्या देखत आत गेली, बाकावर बसली, भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आणि निवांत बाहेर आली. रखवालदार तेवढा वेळ एका कॉलेजकुमाराशी आणि त्याच्या मैत्रिणीशी हुज्जत घालत होता. ही हकीकत आमच्या बैठकांत इतक्या वेळा सांगून झाली आहे की शेंगांच्या जागी आता बिर्याणी आली आहे.

दोन पुरुष एकत्र हिंडले तर ते दोस्त, दोन बायका एका खोलीत राहिल्या तर त्या मैत्रिणी. जोडपं म्हणून ते कुणाच्या डोळ्यांत भरतच नाहीत. या सोयीवर शहरातल्या कितीतरी गे आणि लेस्बियन लोकांनी आयुष्यं काढली. त्यांच्यासाठी काम करणारे गट मात्र लोकांना ठाऊक असतात ते प्राइड मोर्चातल्या सप्तरंगी झेंड्यामुळे. हैदराबादेत तो पहिला मोर्चा ३ फेब्रुवारी २०१३ रोजी निघाला. पण मोर्चा वर्षातून एकदा. उरलेलं वर्ष जातं ते दुसऱ्याचं गुपित सांभाळण्याच्या कारकुनीत. मी त्या कारकुनीत बराच काळ आहे. हे किस्से तिथले. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावं, वयं आणि नाती थोडी इकडची तिकडे केली आहेत.

हेल्पलाइन म्हटलं की लोकांना वाटतं, काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसलेली माणसं. आमची हेल्पलाइन म्हणजे एक साधा मोबाइल, पाळीपाळीने कार्यकर्त्यांच्या घरी मुक्कामाला जाणारा. त्याचं सिम कोणाच्या नावावर घ्यायचं यावर बैठकाच्या बैठका झाल्या. शेवटी ज्याच्या घरी सगळं उघड झालं होतं आणि भांडणंही भांडून संपली होती, त्याचं आधारकार्ड कामी आलं.

पहिला नियम: आपण होऊन उलटा फोन करायचा नाही. मिस्ड कॉल दिसला तरी नाही. मोबाइल मुलाचा असला तरी उचलणारा मुलगाच असेल याची खात्री काय? समोरच्याने वेळ दिली तरच करायचा. 'मंगळवारी अडीच ते तीन, आई झोपलेली असते' अशा वेळा वहीत लिहिलेल्या असतात. आणि तरीही दुसऱ्याच कोणी उचलला तर एक वाक्य ठरलेलं: "अमीरपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमधून बोलतोय." अमीरपेठ म्हणजे सॉफ्टवेअर क्लासांची पेठ. एकेका इमारतीवर जावा, टेस्टिंग, ऑरॅकलच्या पाट्यांचे थर. तिथून कोणाच्याही घरी फोन येऊ शकतो.

एकदा एका मुलीच्या आईने फोन उचलला. आमच्या गड्याने ठरलेलं वाक्य म्हटलं. बाईंनी फी विचारली. त्याने आकडा ठोकून दिला. हप्ते आहेत का? आहेत. मुलींची वेगळी बॅच? आहे. मग जागा धरून ठेवा, रविवारी येऊन बघते, म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर आमची जी धावाधाव झाली! अमीरपेठ पालथी घालून त्या फीत, हप्त्यांत आणि मुलींच्या बॅचमध्ये बसणारा खराखुरा क्लास शोधला, तिथल्या पोऱ्याला पटवला, आणि रविवारी बाई आल्या तेव्हा आमचा गडी काउंटरवर उभा. मुलीने टेस्टिंगचा कोर्स केला, गच्चीबावलीत नोकरी लागली, दोन पगारांनंतर ती वेगळी राहू लागली. तुमच्या समुपदेशनापेक्षा त्या थापेचा जास्त उपयोग झाला, असं ती आम्हाला तोंडावर सांगते.

ट्रूकॉलर आल्यावर ही थापही पुरेना. कोणीतरी भल्या मनाने आमचा नंबर 'गे हेल्पलाइन' म्हणून सेव्ह केला होता, आणि आम्ही फोन लावला की घरोघरी स्क्रीनवर तेच झळकू लागलं. तोड काढली ती आमच्यातल्याच एका आयटीवाल्याने. ओळखीच्या सगळ्यांना कामाला लावलं: नंबर सेव्ह करा, पण शिकवणीच्या नावाने. काही दिवसांत स्क्रीनवरचं नाव बदललं. आता आम्हाला अधूनमधून दहावीच्या गणितासाठी फोन येतात.

वहीत नावं न लिहिण्यामागे मात्र गंमत नाही. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर होतं. जुलै २००१ मध्ये लखनौला एड्स प्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी पकडलं, जप्त केलेली माहितीपत्रकं आणि कंडोम हाच पुरावा ठरवला, आणि महिन्याहून जास्त काळ ते तुरुंगात राहिले. ती बातमी देशभरातल्या अशा प्रत्येक खोलीत पोचली. तेव्हापासून वही म्हणजे गाव, वय, फोनची वेळ. बाकी सगळं लक्षात ठेवायचं.

खोली मिळवणं हे वेगळंच प्रकरण. मुंबईत अशोक राव कवींनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा केला, आणि ट्रस्टला जागा मिळाली ती वाकोल्याच्या महापालिकेच्या जुन्या इमारतीत. समलिंगी पुरुषांच्या संस्थेला महापालिका जागा देते, तीही ३७७ च्या काळात? दिली, कारण मधे एड्स होता. रोग रोखायचा तर ज्या पुरुषांना कायदा गुन्हेगार म्हणत होता त्यांच्यापर्यंत पोचायला हवं, हे आरोग्य खात्याला गृहखात्याच्या आधी कळलं. पुढे परदेशी देणग्यांचा पैसा आला, गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' प्रकल्प महाराष्ट्रात आला तसा तेव्हाच्या आंध्रातही. गे पुरुषांच्या बैठकांसाठी सतरंजी, पंखा, चहा हे सारं त्या पैशातून. बायकांना त्यातलं काही नाही, कारण सरकारदरबारी त्यांच्याकडून कुणाला धोका नव्हता. १९९५ मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' सुरू झालं, पुढे त्याचंच 'लेबिया' झालं. त्या बायका स्वतःच्या घरांत भेटत, खर्च स्वतःच्या पदरचा. हैदराबादेतही तसंच. लेस्बियनांसाठी काय काम चालतं असं विचारणाऱ्यांना मी आधी हा हिशेब सांगतो.

आमच्या खोलीचा घरमालक जुन्या शहरातला, तोंडाने गोड. "क्या काम करते मियाँ?" "हेल्थ का." "कायकी हेल्थ?" आमच्या गड्याने श्वास घेतला आणि म्हणाला, "मर्दां की." घरमालकाचा चेहरा खुलला. भाडं ठरलं, आणि दर महिन्याच्या एक तारखेला भाडं घ्यायला येताना ते बीपी तपासून मागू लागले. नाइलाजाने आम्ही बीपीचं मशीन घेतलं. त्यांचा बीपी खरोखरच वाढलेला निघाला, औषध सुरू झालं, आणि त्यानंतर शेजाऱ्यांनी आमच्याविषयी कितीही कान भरले तरी त्यांनी खोली सोडायला सांगितलं नाही. बायकांच्या बैठकीसाठी तीच खोली आम्ही रविवारी रिकामी करून द्यायचो. मोठा कार्यक्रम असला की बंजारा हिल्समधलं 'लामकान' होतंच. २०१० पासून तिथे नाटकवाले, कवी, चळवळे सगळेच बसतात, त्या गर्दीत आम्हीही खपून जायचो.

सर्वांत कटकटीचं काम म्हणजे डॉक्टरांची यादी. मुलाला 'बरं' करा म्हणून आईबाप त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे ओढून नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली १९९० मध्ये. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये अशा 'उपचारां'वर बंदी घालण्याचे निर्देश दिले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे 'उपचार' हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. हे सगळं कागदावर. म्हणून यादीत नाव घालण्याआधी आमच्यातला एक जण डॉक्टरांना 'मामा' बनून फोन करतो: भाच्याला मुलगेच आवडतात, काय करावं? 'लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल' असं उत्तर आलं की नावावर काट. 'भाच्याला काही त्रास आहे की तुम्हाला?' असं विचारणारा डॉक्टर भेटला की त्या दिवशी सगळ्यांना इराण्याच्या हॉटेलात उस्मानिया बिस्किटं. अशी पार्टी फार वेळा झालेली नाही.

मराठी फोन कमी, पण येतात. काचीगुडा, सुलतान बाजार भागात पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी घरं, शिवाय देवगिरी एक्स्प्रेसने जालन्याहून, परभणीहून नोकरीला आलेली पोरं. एका काकूंचा मुलगा आमच्याकडे येत असे. त्याने घरी सांगितलं, तेव्हा त्या स्वतःच भेटायला आल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. इंग्रजी माहितीपत्रक दिलं तर म्हणाल्या, हे परदेशातलं. तेलुगू त्यांना वाचता येत नव्हतं. पुण्याच्या बिंदुमाधव खिरेंनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' काढला आणि मराठीत भरपूर लिहिलं, त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी माझ्याकडे होती. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालून दिली, पाठकोरी बाजू वर.

पुस्तक फार उशिरा परत आलं. कव्हर नवं, साडीच्या दुकानाच्या पिशवीचं.

"मोठ्या जाऊबाईंनी पण वाचलं," काकू म्हणाल्या.

मी चरकलोच. "त्यांना कशाला दिलंत?"

"मी कुठे दिलं? गादीखाली ठेवलेलं त्यांना सापडलं. रात्रभरात वाचून काढलं आणि सकाळी मला म्हणतात, माझा भाऊ नांदेडला त्या देशपांड्यांबरोबर तीस वर्षं राहिला, तो काय नुसता भाड्यात वाटा देत होता?"

देशपांडे हे आडनाव अर्थात मी घातलेलं. पण नंतर त्या घरातलं समुपदेशन जाऊबाईंनीच हातात घेतलं, आमची गरज उरली नाही.

मोर्चाचा एक किस्सा सांगायलाच हवा. एका वर्षी ठरवलेला डप्पूवाल्यांचा ताफा वेळेआधी आला. लग्नाची वरात समजून आले होते बिचारे. म्होरक्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "दूल्हा किधर है?" कोणीतरी ओरडलं, "सबीच है!" त्याने मान डोलावली आणि वाजवायला सुरुवात केली. ठरलेल्या पैशांत वाजवायचं होतं तेवढं वाजवलं, वर नवरदेवांचं म्हणून वेगळं बक्षीस मागून घेतलं.

खरी वरात डिसेंबर २०२१ मध्ये हैदराबादजवळ निघाली. सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग यांनी बंगाली आणि पंजाबी विधींनी, घरच्यांच्या साक्षीने समारंभ केला. फोटो छापून आले, आणि आमच्या फोनवर प्रथमच मुलांपेक्षा आईबापांचे आवाज जास्त ऐकू येऊ लागले. पुढे हेच दोघे सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विवाहाचा हक्क नाकारला. त्या आठवड्यात रडण्याचे फोन येतील म्हणून आम्ही जास्तीची माणसं बसवली होती. आले ते हिशेबी फोन: विम्यावर नाव कोणाचं, इस्पितळात सही कोण करणार, फ्लॅटचं काय.

पैशाची बाजू ढासळली ती जानेवारी २०२५ मध्ये. अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि नारायणगुड्यात २०२१ पासून ट्रान्सजेंडर लोकांसाठी चालणारं 'मित्र क्लिनिक' बंद पडलं, त्याबरोबर कल्याणचं आणि पुण्याचंही. आमच्या यादीतली काही भरवशाची नावं तिथलीच होती. 'मामा'ला पुन्हा फोन लावत बसावं लागलं.

त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, केंद्राच्या अर्थखात्याने स्पष्टीकरण काढलं होतं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला कोणतीही आडकाठी नाही. आमच्या बायकांच्या गटातल्या दोघी त्या परिपत्रकाची प्रत घेऊन, वाद घालायच्या तयारीनेच बँकेत गेल्या. सोबत म्हणून मीही. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा वर करून परिपत्रक वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि आमच्याकडे सरकवलं.

"याची गरज नव्हती. संयुक्त खातं कोणीही दोघं उघडू शकतात, पहिल्यापासूनच. पॅनकार्डाची झेरॉक्स आणली नाही का? कोपऱ्यावर दुकान आहे, दोन वाजता बंद होतं."