पाल विषारी नाही, मग विषबाधा कशाने?

वाडा असो की सोसायटी, पुण्यातल्या स्वयंपाकघरात एक समज पक्का असतो : अन्नात पाल पडली की त्याचं विष झालं. प्राणिशास्त्राला हे मान्य नाही. पालींच्या दीड हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतली एकही विषारी नाही. दातांत नाही, कातडीत नाही, शेपटीतही नाही. तुटलेली शेपटी वळवळते ती शिकाऱ्याचं लक्ष तिकडे जावं आणि पालीला निसटता यावं म्हणून. पुढे नवी शेपटी येते, मात्र तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो.

यावर कोणी विचारेल, मग पाल पडलेलं मध्यान्ह भोजन खाऊन मुलांना उलट्या झाल्याच्या बातम्या खोट्या का? बातम्या खऱ्या असू शकतात, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. घरातल्या पालींच्या विष्ठेत साल्मोनेला हे जिवाणू सापडतात आणि त्यांनी जुलाब-उलट्या होतात. पाल पडल्याचं कळताच किळसेनं आणि धास्तीनंही पोट ढवळतं. उकळीत हे जिवाणू मरतात. धोका असतो तो शिजवून तासन् तास उघड्या ठेवलेल्या अन्नाला. पाल खरोखर विषारी असती, तर पाल मारून प्रश्न सुटला असता. तसा तो सुटत नाही, कारण माश्या, झुरळं आणि उंदीरही तेच जिवाणू वाहून आणतात. उलट पाल गेली की ट्यूबलाइटभोवतीचे किडे खाणारी शिकारीण तेवढी जाते.

पाल म्हणजे घाणीतला जीव, हा समजही टिकत नाही. हेमिडॅक्टिलस या एकाच प्रजातीत खोडाच्या सालीत बेमालूम मिसळणारी राखाडी पाल आहे, आणि २००८ साली सरीसृप-अभ्यासक वरद गिरी यांनी जुन्नरजवळच्या घाटघरहून नोंदवलेली कातळावरची पालही. अंदमानात फेल्सुमा प्रजातीतली हिरवीगार पाल झाडांवर राहते आणि दिवसाढवळ्या वावरते. मॉरिशसमध्ये तिचीच एक बहीण मध चाटता चाटता रूसिया नावाच्या दुर्मीळ वेलीचं परागीभवन करते. घरातली पाल भिंतीवर येते ती दिव्याकडे झेपावणाऱ्या किड्यांसाठी. तेव्हा हातात झाडू घेण्यापेक्षा पातेल्यावर झाकण ठेवावं, ओटा साबणानं धुवावा आणि पाल पडलेलं अन्न मुकाट्यानं टाकून द्यावं. विषामुळे नव्हे, स्वच्छतेसाठी.