क्विंटलभर कापूस, शंभर कुर्त्या

यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या किंवा घाटंजीच्या जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस घातला की साधारण 34 किलो रुई निघते. बाकीची जवळपास सगळी सरकी. पुढे पिंजण्यात, कातण्यात, विणण्यात थोडी घट जाते आणि हाती 29 किलोच्या आसपास सुती कापड लागतं. एका कुर्तीला, कतरण धरून, पाव किलोहून थोडं जास्त कापड जातं. म्हणजे शेतकऱ्याच्या एका क्विंटलात शंभरेक कुर्त्या दडलेल्या असतात. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला. तेव्हा दुकानात आठशे रुपयांची चिठ्ठी लावून टांगलेल्या कुर्तीत कापूस फार तर 80 रुपयांचा. सरकीचे पैसे वजा केले तर त्याहून कमी.

उरलेले 720 रुपये कुठे जातात, याचं उत्तर म्हणजेच कपड्याच्या धंद्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट. हा कागद वाचणं ही इतकी गमतीची गोष्ट असेल असं वरकरणी अजिबात वाटत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेच्या टेबलावर तो येतो तेव्हा दिसतात फक्त मशीनची कोटेशनं, सीएने टाइप केलेले तीन वर्षांचे तक्ते आणि शेवटी दरवर्षी वाढत जाणारा नफा. पण त्यातली एकेक ओळ हाताला धरून ओढली की तिच्यामागून काय काय बाहेर येतं!

यवतमाळसारख्या जिल्ह्यात अशा रिपोर्टातलं एक वाक्य ठरलेलं असणार: कच्चा माल स्थानिक पातळीवर मुबलक उपलब्ध. खरं आहे, पण त्याची किंमत किती? समजा रुई कोइम्बतूरला पाठवली आणि तिकडून कापड मागवलं, भाडं प्रत्येक खेपेला किलोमागे पाच रुपये पडलं, तरी एका कुर्तीमागे जाण्यायेण्याचे मिळून तीन रुपये. आठशेच्या कुर्तीत तीन रुपये! कापूस दाराशी असल्याचा शिवणाऱ्याला होणारा फायदा एवढाच. त्यात दाराशी आहे तो कापूस, कापड नव्हे. मधली पिंजण, कताई, विणाई, रंगाई दुसरीकडेच व्हायची असेल तर तेही तीन रुपये वाचत नाहीत.

मग जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर का गाठलं? त्यांनी 1874 मध्ये कंपनी काढली आणि 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू केली. जागा तलावाकाठची, दलदलीची. आधी भराव घालावा लागला. त्यांच्या चरित्रात एक किस्सा येतो. एका स्थानिक सावकाराकडे भांडवल मागितलं तर तो म्हणाला, मातीत माती ओतून सोनं घालवणाऱ्याला मी पैसा देणार नाही. पुढे त्यानेच कबूल केलं की या माणसाने माती टाकली खरी, पण काढलं सोनंच. विदर्भात कापडधंद्याच्या आराखड्याचं मूल्यमापन करताना झालेली ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध चूक. सावकाराने खर्चाची पहिली ओळ पाहिली आणि तिथेच थांबला. जमशेटजींनी पाहिलं ते वजन: गिरणी रोज टनावारी रुई गिळते, सूत आणि जाडंभरडं कापड विकते, आणि अशा मालाच्या किमतीत कापसाचा वाटा मोठा असतो. गिरणीला कापूस जवळ असणं मोलाचं होतं. तोच तर्क चार शिलाई मशीनच्या कारखान्याला लावला की फसगत होते.

जिल्ह्यात मोठी गिरणी नाही असंही नाही. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. 2006 मध्ये बेल्जियमच्या यूको कंपनीशी त्याची भागीदारी झाली. डेनिमची रंगाई हा प्रकार बघण्यासारखा. उभं सूत निळीच्या हौदात बुडतं तेव्हा बाहेर येताना पिवळट-हिरवं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. पुन्हा बुडी, पुन्हा हवा. असं कितीही वेळा केलं तरी रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तर जीन्स घासली की पांढरी पडते. पण ही गिरणी दारात असल्याचाही लहान शिवणाऱ्याला फारसा उपयोग नाही. अशा गिरण्यांचा व्यवहार हजारो मीटरांत चालतो, आणि पन्नास पँटींपुरता तागा घ्यायला शेवटी कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याकडेच जावं लागतं.

आता एक रिपोर्ट समोर ठेवू. आकडे उदाहरणापुरते, पण बेताचे. समजा दिग्रसच्या दोघी जावांना सुती कुर्त्यांचा स्वतःचा ब्रँड काढायचा आहे, गळ्याशी बंजारा भरतकामाचा तुकडा. कल्पना चांगली आहे. दिग्रस-पुसद पट्ट्यातल्या तांड्यांवर आरसे-कवड्यांचं हे काम करणारे हात आहेत, आणि कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. रिपोर्टात सहा मशीन. एका कुर्तीच्या शिलाईला 25 मिनिटं, मशीन रोज आठ तास चालणार, म्हणून दिवसाला 115 कुर्त्या, वर्षाचे 300 दिवस, एकूण 34,500. घाऊक भाव 400. विक्री 1 कोटी 38 लाख.

गुणाकारात चूक नाही, आणि तरीही हा आकडा खोटा आहे. धागा तुटतो, वीज जाते, मास्टरचं कटिंग वेळेवर येत नाही, बाही उलटी लागते आणि उसवावी लागते. नव्या कारखान्यात घड्याळाच्या शंभर मिनिटांतली पंचेचाळीस कारणी लागली तरी मी समाधानी असेन. त्या हिशेबाने रोजच्या 52 कुर्त्या. वर्षाच्या 15,600, विक्री 62 लाख 40 हजार. एका आकड्याला हात लावला आणि निम्म्याहून अधिक धंदा कागदावरून उडाला.

खरी मजा पुढच्याच ओळीत आहे: ‘भरतकाम स्थानिक महिलांकडून करून घेतले जाईल.’ गळ्याचा तुकडा हाताने भरायला दोन तास धरा. 52 कुर्त्यांना 104 तास. म्हणजे सहा मशीन चालू ठेवायला रोज आठ तास सुई चालवणाऱ्या 13 बायका लागणार, आणि रिपोर्टात त्यांच्यासाठी एक वाक्य आहे, एकही आकडा नाही. पेरणी-निंदणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्याच बाया रानात असतात, हे तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

मग मापं. चार डिझाइनं, प्रत्येकी तीन रंग, पाच मापं. झाले 60 प्रकार. सहाशे कुर्त्या शिवल्या तर ढीग दिसतो मोठा, पण प्रत्येक प्रकारच्या असतात दहाच. दुकानात आधी जातात मधली मापं. एम आणि एल संपले की सेट फुटतो, आणि मग उरलेला चांगला मालही ‘डबल एक्सएल आहे, त्यातच घ्या’ अशा अवस्थेला येतो. गिऱ्हाईक वाढवण्यासाठी घातलेला प्रत्येक नवा रंग गोदामात पाच नवे कप्पे उघडतो.

किती शिवावं, याचं एक देखणं गणित आहे. त्याला पेपरवाल्याचा प्रश्न म्हणतात, कारण उरलेला पेपर दुसऱ्या दिवशी रद्दी. गंमत म्हणजे याचं मूळ सापडतं बँकेत: 1888 मध्ये फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने, ठेवीदारांना द्यायला बँकेने किती रोकड राखावी हे काढताना असाच विचार मांडला होता. आपल्या कुर्तीला लावून पाहू. खर्च 280, विक्री 400, उरलेली कुर्ती शेवटी 130 ला काढावी लागते. एक कुर्ती कमी पडली तर 120 रुपयांचा नफा हुकतो. एक जास्त झाली तर 150 रुपये बुडतात. 120 ला 270 ने भागा: 0.44. अर्थ असा की सगळा माल खपण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त राहील इतकाच शिवा, प्रामाणिक अंदाजापेक्षा थोडा कमीच. शंभरातल्या 44 उरल्या की नफा शून्याला टेकतो. याउलट तीच कुर्ती स्वतःच्या दुकानात 1,200 ला विकणाऱ्या मोठ्या ब्रँडचा आकडा येतो 0.86. त्याने अंदाजापेक्षा भरपूर जास्त शिवावं, त्याला ते परवडतं. मोठ्यांचं भरलेलं दुकान बघून आपलंही तसंच भरायचं, हा मोह छोट्याला का भोवतो ते या दोन अपूर्णांकांत आलं.

पण ‘प्रामाणिक अंदाज’ आणायचा कुठून? यावर मला सर्वांत आवडलेलं उत्तर बर्फावरचे कपडे विकणाऱ्या अमेरिकेतल्या स्पोर्ट ओबरमायर कंपनीचं. तिथे खरेदी समिती एकत्र बसून प्रत्येक कपड्याचा एक आकडा एकमताने ठरवत असे. काही अभ्यासकांनी, त्यांत मार्शल फिशर आणि जॅनिस हॅमंड होते, प्रत्येक सदस्याला स्वतंत्र आकडा लिहायला लावला. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चक्रावणारा होता: ज्या कपड्यांबद्दल सगळ्यांचे आकडे जवळजवळ होते, तिथे अंदाज बरोबर निघाले, जिथे आकडे पांगले, तिथेच अंदाज चुकले. म्हणजे कोणता माल दगा देईल हे आधी सांगता येतं, आणि ते सांगतो मतभेद. तेव्हा एकमताचा माल आधी शिवायचा, वादाचा माल पहिली विक्री दिसेपर्यंत रोखायचा. दोघी जावा, कटिंग मास्टर, ओळखीचा दुकानदार आणि कॉलेजातल्या दोनतीन मुली यांच्याकडून चिठ्ठ्यांवर आकडे लिहून घ्यायला खर्च काहीच नाही. फक्त दुकानदाराने सगळ्यांदेखत मोठ्याने बोलता कामा नये.

आता वेळेकडे वळू. माझ्या मते असे बहुतेक रिपोर्ट मोडतात ते इथेच. खेळत्या भांडवलासाठी बँका आजही जो ठोकताळा लावतात तो नायक समितीचा, 1992 च्या अहवालातला: वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या 25 टक्के भांडवल लागतं, त्यातले 20 टक्के बँकेने द्यायचे, पाच उद्योजकाने. त्यामागे गृहीत असं की पैसा तीन महिन्यांत फिरून परत येतो. यवतमाळात येतो का? दिवाळीसाठी कापड श्रावणात घ्यावं लागतं. माल दिवाळीआधी दुकानात पोचतो. पण गावाकडच्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा येतो कापूस विकल्यावर, आणि भाव पडलेला असला तर कापूस घरातच थांबतो. दुकानदार मग उधारी लांबवतो. श्रावणात निघालेला रुपया माघात परत आला तर सहा महिने झाले. कच्चा माल म्हणून ज्याचं कौतुक केलं त्या कापसाचं काम इथे आहे: तो कुर्तीच्या खर्चात नाही, गिऱ्हाइकाच्या खिशात आहे.

कायदा मदतीला आहे. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, आणि 1 एप्रिल 2024 पासून मुदत उलटून वर्षअखेरही थकलेली रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. उद्यम नोंदणी त्यासाठी तरी करावीच. पण बाजारपेठेत ‘कायद्याने द्या’ म्हणणाऱ्याला पुढची ऑर्डर किती दुकानदार देतील? अनुदानाचंही तसंच. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) ग्रामीण भागातल्या महिलांना प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे, पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत वेगळी ठेवलेली असते. त्यातून कापड घेता येत नाही.

साठ्याची जोखीमच नको असेल तर दुसऱ्याचं कापड घेऊन शिवून देण्याचा मार्ग आहे. त्याची परीक्षाही महाराष्ट्राने पाहिली. 2024-25 च्या शालेय वर्षात सरकारी शाळांचे गणवेश एकत्रित कापड खरेदी करून महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचं ठरलं. गणवेश उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी आल्या, आणि 2024 च्या अखेरीस हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. मागणी पक्की, पैसा सरकारचा, आणि तरी मिनिटांनी आणि मापांनी गाठलंच.

दोघी जावांचा रिपोर्ट मी तरी परत पाठवणार नाही, लहान करून मागेन. सहाऐवजी दोन मशीन. रोजच्या 17 कुर्त्या, भरतकामाला चारपाच बायका. वर्षाला 5,100 नग, विक्री 20 लाख 40 हजार. नायक समितीच्या हिशेबाने भांडवल 5 लाख 10 हजार, पण सहा महिन्यांच्या फेऱ्याला ते दुप्पट लागेल, म्हणून मधल्या महिन्यांत शिवून देण्याची कामं घ्यायची. दोन डिझाइनं, दोन रंग, चार मापं, म्हणजे 60 ऐवजी 16 प्रकार. आणि कॅश क्रेडिटची (सीसी) मर्यादा वाढवून मागायला याल तेव्हा नफ्यातोट्याचा तक्ता मागाहून दाखवा. आधी फेब्रुवारीत कोणत्या मापाच्या, कोणत्या रंगाच्या किती कुर्त्या उरल्या, ती वही काढा.