पटसंख्येचा प्रश्न आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे प्रकार

एखाद्या शिक्षण परिषदेत वक्ता सांगतो की, वर्गाचा पट लहान असला म्हणजे मुले अधिक शिकतात, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. पुढल्या परिषदेत दुसरा वक्ता तितक्याच निश्चयाने सांगतो की, पटसंख्येचा शिकण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही आणि हेही संशोधनानेच सिद्ध झाले आहे. दोघेही असत्य बोलत नसतात. मात्र ऐकणाऱ्या शिक्षकाची पंचाईत होते. कारण परत गेल्यावर त्याला दोन इयत्तांच्या जोडवर्गापुढे उभे राहावयाचे असते आणि आपल्या गावची शाळा कमी पटाची म्हणून शेजारच्या शाळेत मिळवली जाईल काय, या पालकांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे असते. अशा वेळी ‘संशोधन काय म्हणते?’ एवढेच विचारून भागत नाही. ते संशोधन कोणी, कोणत्या रीतीने एकत्र केले, हे विचारावे लागते. त्या दोन वक्त्यांनी वाचलेले निबंध पुष्कळदा तेच असतात, भेद असतो तो आढाव्याच्या प्रकारात.

प्रत्यक्ष वर्गात प्रयोग न करता, इतरांनी पूर्वी केलेले प्रयोग व पाहण्या वाचून, पारखून व जुळवून जे संशोधन होते त्यास ग्रंथालयीन संशोधन म्हणतात. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या प्रत्येकास ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे प्रबंधातील दुसरे प्रकरण आठवत असेल. अमक्याने अमुक साली अमुक अभ्यास केला, तमक्याने पुढल्या साली तमुक केला, अशी नामावळी त्यात बहुधा असते. ती वाचून प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कारण ती यादी असते, आढावा नव्हे. यादीचेही एक स्थान आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ साली भारतातील शैक्षणिक संशोधनाचे जे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध झाले, त्यामुळे देशभरच्या कपाटांत पडून राहिलेल्या प्रबंधांचे गोषवारे प्रथमच सर्वांच्या हाती आले. पण कोणते संशोधन कोठे आहे हे कळणे निराळे आणि सर्व मिळून ते काय सांगते हे कळणे निराळे.

पटसंख्येच्या प्रश्नावर हा भेद जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. अमेरिकेत या विषयावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून अभ्यास होत आले होते. १९७८ साली तेथील ‘एज्युकेशनल रिसर्च सर्व्हिस’ या संस्थेने त्यांचा वर्णनात्मक आढावा घेतला. वर्णनात्मक आढाव्यात जाणता अभ्यासक निबंध वाचतो, आपल्या बुद्धीने त्यांचे वजन ठरवितो आणि प्रवाही भाषेत निष्कर्ष मांडतो. संस्थेने काढलेला निष्कर्ष सावध होता: नेहमीच्या पटसंख्येच्या पट्ट्यात पुरावा निर्णायक नाही. ही रीत वाचनीय असते आणि विषयाचा इतिहास तिच्यातूनच उत्तम कळतो. दोष एवढाच की, कोणते निबंध निवडले व कोणते सोडले याचा हिशेब वाचकास मिळत नाही. दुसरा दोष मतमोजणीचा. दहा निबंध बाजूने, आठ विरुद्ध, पाच तटस्थ, असे मोजले म्हणजे वीस मुलांवरचा अभ्यास आणि दोन हजार मुलांवरचा अभ्यास यांना सारखेच एक मत मिळते. शिवाय लहान अभ्यासात खरा परंतु बारीक फरक नजरेतून निसटतो आणि तो ‘परिणाम नाही’ या रकान्यात जाऊन बसतो.

कोलोरॅडो विद्यापीठातील जीन ग्लास यांनी १९७६ साली या मतमोजणीला पर्याय सुचविला आणि त्यास ‘मेटा-अ‍ॅनॅलिसिस’ असे नाव दिले. मराठीत त्यास संख्यात्मक एकत्रीकरण म्हणता येईल. युक्ती सोपी आहे. समजा, एका प्रयोगात लहान वर्गाच्या गुणांची सरासरी ५२ व मोठ्या वर्गाची ४८ आली आणि गुणांचे प्रमाण विचलन १० होते. दोन सरासरींतील ४ गुणांच्या फरकास १० ने भागले असता ०.४ हा अंक मिळतो. दुसऱ्या प्रयोगातील चाचणी शंभर गुणांची नसून तीस गुणांची असली तरी याच रीतीने निघालेला अंक पहिल्याशेजारी मांडता येतो. निरनिराळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच तागडीत घालावे तसा हा प्रकार आहे. ग्लास व त्यांच्या सहकारी मेरी ली स्मिथ यांनी १९७९ साली पटसंख्येवरील ७७ अभ्यासांतून ७२५ तुलना काढल्या व त्यांवरून एक वक्ररेषा आखली. चाळिसावरून तिसावर आल्याने ती रेषा जेमतेम हलत होती. वीसच्या खाली मात्र ती चढू लागे आणि पट अगदी लहान झाला की झपाट्याने वर जाई. एका वर्षापूर्वी जेथे ‘निर्णायक नाही’ असे उत्तर मिळाले होते, तेथेच आता ठाम उत्तर मिळाले. मधल्या काळात कोणी नवा वर्ग भरविला नव्हता. जुन्याच अभ्यासांवर नवी रीत लावली गेली होती.

आक्षेप आले आणि ते योग्य होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट स्लाव्हिन यांनी दाखवून दिले की, त्या रेषेचा सर्वांत उंच भाग ज्या थोड्या अभ्यासांवर उभा होता त्यांत एक अभ्यास टेनिस शिकविण्याचा होता. वाचन-गणिताच्या वर्गाविषयीचे अनुमान चेंडूफळीच्या शिकवणीवर टेकलेले असावे, हे कोणालाही पटण्यासारखे नाही. तागडी एक झाली तरी धान्यात खडे किती, हे तागडी सांगत नाही. स्लाव्हिन यांनी १९८६ साली ‘सर्वोत्तम पुराव्याचे संकलन’ ही तिसरी रीत मांडली: आधी कसोट्या ठरवाव्यात, त्यांना उतरतील तेवढेच अभ्यास घ्यावेत, त्यांचे अंकही काढावेत आणि प्रत्येकाचे वर्णनही करावे. या गाळणीतून मोजकेच अभ्यास खाली आले व परिणाम बराच लहान निघाला. त्याच सुमारास, १९७९ साली, रॉबर्ट रोझेन्थाल यांनी आणखी एका खड्ड्याकडे बोट दाखविले होते. ज्या प्रयोगात काहीच फरक आढळत नाही तो प्रसिद्ध होत नाही, खणात पडून राहतो. मग प्रसिद्ध निबंधांची सरासरी वास्तवापेक्षा फुगलेली येणारच.

वाद केवळ वाचनाने मिटेना, तेव्हा टेनेसी राज्याने १९८५ मध्ये प्रत्यक्ष प्रयोग आरंभिला. ७९ शाळांत बालवर्गापासून तिसरीपर्यंतची मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी १३ ते १७ च्या लहान वर्गांत किंवा २२ ते २५ च्या नेहमीच्या वर्गांत घातली गेली. काही नेहमीच्या वर्गांना मदतनीस दिला गेला. शिक्षकांची वाटणीही तशीच झाली. चार वर्षांत लहान वर्गातील मुले पुढे राहिली, कृष्णवर्णीय मुलांना लाभ अधिक झाला आणि मदतनीस दिल्याने विशेष काही घडले नाही.

वाटणी चिठ्ठीने का करावी, हे ग्रामीण शिक्षकास वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. चांगली म्हणून नावाजलेल्या शाळेकडे पालक धाव घेतात व तिचा पट फुगतो. ज्या शाळेतून जाणते पालक मुले काढून नेतात तिचा पट उतरतो. अशा दोन शाळांचे गुण नुसते शेजारी ठेवले तर मोठा पटच हितकर वाटू लागेल. म्हणून आजच्या पद्धतशीर आढाव्यात शोध कोठे घेतला, कोणते शब्द वापरले, किती निबंध सापडले, कोणते कोणत्या कारणाने वगळले, याची नोंद कामाच्या आरंभीच ठरविलेल्या आराखड्यानुसार ठेवतात आणि प्रत्येक अभ्यासातील पक्षपाताचा धोका तपासतात. हिशेब उघडा असल्याने दुसरा कोणीही तो पुन्हा मांडून पाहू शकतो. कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संस्थेने २०१८ साली पटसंख्येवर असा आढावा प्रसिद्ध केला. कसोटीस १२७ अभ्यास उतरले. पण पक्षपाताचा फार मोठा धोका किंवा अपुरे आकडे यांमुळे अंकांच्या एकत्रीकरणास त्यांपैकी केवळ १० उरले. वाचनात अल्प लाभ, गणितात लाभ नाही, असे त्याचे उत्तर आहे. एवढ्या खटाटोपाचे फळ इतके थोडे पाहून निराशा वाटेल खरी. परंतु १२७ पैकी १० हा आकडा स्वतःच फार काही सांगून जातो.

उरलेले प्रकार थोडक्यात पाहता येतील. विषयाचा विस्तार केवढा, कोठे काम झाले व कोठे रान पडीक आहे, एवढेच दाखविणाऱ्यास व्याप्तिदर्शक आढावा म्हणतात. आर्क्सी व ओमॅली यांनी २००५ साली त्याच्या पायऱ्या घालून दिल्या. त्यातून ‘उपयोग होतो की नाही’ हे उत्तर काढू नये. आढाव्यांचाही आढावा घेतात. जॉन हॅटी यांच्या २००९ च्या ग्रंथात आठशेहून अधिक संख्यात्मक एकत्रीकरणे जमविली असून पटसंख्येपुढे ०.२१ हा अंक आहे, आणि ०.४० च्या खालचे उपाय सामान्य समजावेत असे त्यांनी सुचविले आहे. ‘पटसंख्येचा फारसा परिणाम नाही’ म्हणणारे वक्ते बहुधा या अंकावर विसंबतात. सरासरीचीही पुन्हा सरासरी काढली म्हणजे टेनेसीचा काटेकोर प्रयोग आणि कोठलीतरी ढिली पाहणी एकाच पिशवीत पडतात, हे त्यांनी ध्यानात घेतलेले नसते. अंकांनी न मांडता येणाऱ्या वर्णनात्मक अभ्यासांसाठी नॉब्लिट व हेअर यांनी १९८८ साली निराळी रीत दिली. तीत एका शाळेच्या वर्णनातील कल्पना दुसऱ्या शाळेच्या वर्णनात लावून पाहतात.

ग्रामीण शिक्षकाला सर्वांत जवळचा वाटेल असा प्रकार रे पॉसन यांच्या नावाशी जोडलेला ‘वास्तवलक्ष्यी’ आढावा होय. उपाय लागू पडतो काय, असे तो विचारीत नाही. कोणाला, कोणत्या परिस्थितीत व कशामुळे लागू पडतो, असे विचारतो. १९९६ साली कॅलिफोर्निया राज्याने आरंभीच्या इयत्तांचा पट वीसपर्यंत उतरविण्याची योजना घाईने सर्वत्र लागू केली. एकाएकी हजारो शिक्षक लागले. पुरेशी पात्रता नसलेल्यांची भरती वाढली आणि तिचा भार मुख्यतः गरीब वस्तीतील शाळांवर पडला. टेनेसीचा उपाय तोच होता, परिस्थिती ती नव्हती.

येथेच आरंभीच्या पालकांच्या प्रश्नाशी गाठ पडते. शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. वीस मुलांच्या द्विशिक्षकी शाळेत प्रत्येक शिक्षकाच्या वाट्यास दहाच मुले येतात. टेनेसीच्या लहान वर्गाहूनही हा पट लहान. परंतु तेथील पंधरा मुले एकाच इयत्तेची होती, येथील दहा मुले दोन किंवा तीन इयत्तांची असतात. लहान वर्ग आणि लहान शाळा या भिन्न गोष्टी आहेत. वर्गाच्या पटाविषयीचा कोणताही आढावा पुढे करून लहान शाळा ठेवावी असे सिद्ध होत नाही आणि बंद करावी असेही होत नाही. त्या प्रश्नासाठी शाळेपर्यंतचे अंतर, वाटेतला ओढा, मुलींची गळती आणि जोडवर्गातील अध्यापन यांवरील अभ्यासच धुंडाळावे लागतील.

कृतिसंशोधनाच्या अहवालात दोन पाने आढाव्यासाठी असतात. तेथे आढावा कोणत्या प्रकारचा आहे, किती निबंध शोधले, कोठे शोधले, किती वाचले, किती सोडले आणि का, एवढ्या पाच-सहा ओळी आरंभी लिहिता येतात. सहाच निबंध हाती आले असतील तर सहाच लिहावेत. तपासणाऱ्या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यास पंचवीस नावांच्या नामावळीपेक्षा त्या सहांचा उघडा हिशेब पडताळणे सोपे जाते, आणि शेजारच्या केंद्रातील शिक्षकास सातव्या निबंधापासून पुढे काम चालविता येते.