थंडी सरली, आता वायव्येकडे लक्ष ठेवा: कोलकात्याची कालबैशाखी

मी कोलकात्यात राहतो म्हटल्यावर महाराष्ट्रातून इकडे येणारे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात: "मार्चमध्ये यायचंय, हवा कशी असेल?" दुपारी ऊन, संध्याकाळी छान वारा, एवढं उत्तर देऊन मोकळं होता येतं. पण ते अर्धवट उत्तर आहे. राहिलेला अर्धा भाग जिवाशी गाठ घालणारा असतो, म्हणून आज त्याबद्दल सविस्तर बोलू.

आधी ऋतूचा अंदाज घेऊ. जानेवारीत कोलकात्याचं किमान तापमान सरासरी १४ अंशांच्या आसपास असतं. उत्तरेकडून कोरडा गार वारा येतो आणि आकाश स्वच्छ राहतं. सरस्वती पूजेपर्यंत, म्हणजे आपल्या वसंत पंचमीपर्यंत, स्वेटर कपाटात जायला लागतात. बंगाली घरांत या पूजेआधी बोरं खात नाहीत. त्यामुळे पूजा झाली की पोरं बोरांवर तुटून पडतात. मार्चमध्ये कमाल तापमान सरासरी ३४ अंशांच्या जवळ पोहोचतं. पण खरा बदल आकड्यात नसतो, तो वाऱ्याच्या दिशेत असतो. उत्तरेचा वारा थांबतो आणि दक्षिणेकडून, बंगालच्या उपसागरावरून, दमट वारा सुरू होतो. संध्याकाळी गच्चीवर सुखावणारा वारा तो हाच. आणि वादळाला लागणारं पाणीही हाच वारा आणतो.

आता वादळ कसं तयार होतं ते पाहू. कोलकात्याच्या वायव्येला झारखंडमधलं छोटा नागपूरचं पठार आहे. मार्च ते मे या महिन्यांत ते दुपारपर्यंत तापतं. जमिनीलगत समुद्रावरून आलेली दमट हवा असते आणि तिच्यावर, दीड-दोन किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून येणारी कोरडी, उष्ण हवा पसरलेली असते. ही वरची हवा झाकणासारखी बसते. खालची हवा तापत राहते, पण तिला वर जाता येत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते तशीच ही स्थिती. झाकण नसतं तर दुपारभर लहानसहान ढग होऊन ताकद विखुरली असती. झाकणामुळे ती साठते. मग ऊन पुरेसं तापलं किंवा पश्चिमेकडून एखादा कमी दाबाचा पट्टा सरकत आला, की झाकण फुटतं आणि ढग तासा-दोन तासांत १२-१५ किलोमीटर उंच चढतो.

त्यापुढची पायरी समजली की वादळाचं वेळापत्रक कळतं. ढगातून पडणारा पाऊस कोरड्या हवेतून खाली येताना थोडा आटतो. पाणी आटताना हवा गार होते आणि गार हवा जड असते. ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर आदळून पुढे पसरते. पसरताना समोरची दमट हवा वर ढकलते, त्यातून नवा ढग तयार होतो. असं करत वादळ आग्नेयेकडे, म्हणजे बंगालच्या सखल भागाकडे, सरकत जातं. दुपारी तीनच्या सुमारास पुरुलियावर असलेलं वादळ संध्याकाळी सातच्या सुमारास कोलकात्यात पोहोचू शकतं. ऑफिस सुटायची आणि बसस्टॉपवर गर्दीची वेळ नेमकी हीच.

या वादळाचं नाव कालबैशाखी. इंग्रजीत त्याला नॉर्वेस्टर म्हणतात, कारण ते वायव्येकडून येतं. आपला वळीवही दुपारच्या तापातूनच जन्मतो, त्यामुळे आपल्याला हे अगदी परकं वाटू नये. फरक जोराचा आहे. १७ एप्रिल २०१८ च्या संध्याकाळी कोलकात्यात पंधरा मिनिटांच्या आत दोन झंझावात आले. दुसऱ्याचा वेग ताशी ९८ किलोमीटर नोंदला गेला. झाडं आणि भिंती कोसळून, वीज पडून शहरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत डझनाहून अधिक माणसं गेली.

तरी कालबैशाखीला नुसती खलनायिका समजू नका. उन्हाळ्यात काही मिनिटांत पारा आठ-दहा अंशांनी उतरवणारी तीच. मोसमी पावसाआधी तागाच्या पेरणीला आणि उत्तर बंगालच्या चहामळ्यांना या ऋतूतल्या सरींचाच आधार असतो. लोक तिची वाटही पाहतात आणि तिला घाबरतातही.

मग अंदाज वाचायचा कसा? हवामान खात्याचे अंदाज तीन प्रकारचे असतात आणि तिघांचं काम वेगळं असतं.

पहिला ऋतूचा अंदाज. मार्च ते मे या तीन महिन्यांत तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील की कमी, याची शक्यता तो सांगतो. अमुक तारखेला वादळ येईल, असं त्यातून काढू नका.

दुसरा पुढच्या काही दिवसांचा, जिल्हावार अंदाज. त्यात रंग असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. प्रवासाचा बेत यावर ठरवा.

तिसरा पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज. रडारवर ढग प्रत्यक्ष दिसल्यावर तो दिला जातो. कालबैशाखीसाठी सर्वांत कामाचा हाच, कारण झाकण नेमकं कुठे फुटेल हे सकाळी सांगणं फार अवघड असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. तेही फोनमध्ये ठेवा.

कोलकाता आणि पुणे यांचं हवामानाचं नातं जुनंच आहे. १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकाता परिसरात हजारोंचे बळी घेतले. त्यानंतरच्या वर्षांत पावसानेही दगा दिला. या धक्क्यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय कोलकात्यात होतं. १९०५ मध्ये ते शिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये पुण्याला आलं. पुणेकर ज्या चौकाला आजही शिमला ऑफिस म्हणतात, त्या नावाचा उगम हा असा.

शेवटी फोन हातात नसला तरी उपयोगी पडेल असं सांगतो. दिवसभर घामाची चिकचिक आहे, संध्याकाळकडे दक्षिणेचा वारा एकदम पडला आहे आणि वायव्येला काळाभोर पट्टा दिसतो आहे, तर पंधरा-वीस मिनिटांचं काम उरकायला बाहेर पडू नका. वीज चमकल्यावर सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली, होर्डिंगखाली किंवा हुगळीच्या घाटावर थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा, कारण २०१८ सारखा दुसरा झंझावात मागून येऊ शकतो.

देशात दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं विजेने मरतात. त्यातली बरीचशी उघड्यावर किंवा झाडाच्या आडोशाला असतात. तेव्हा मार्चमध्ये कोलकात्याला जरूर या, संध्याकाळच्या वाऱ्याची मजा घ्या. फक्त तो वारा थांबला की आधी आकाशाकडे बघा. पुढच्या भागात मोसमी पाऊस बंगालमध्ये कसा शिरतो ते पाहू.