स्पेलिंग पडद्यावर बघू नका, आठवून टाइप करा

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. तेव्हापासून जतपासून महाबळेश्वरपर्यंत घरोघरी आठवड्याच्या शब्दांची घोकंपट्टी चालते. 'एफ-आर-आय-ई-एन-डी फ्रेंड' हे मूल एका दमात म्हणतं. वहीत मात्र आय आणि ई यांची अदलाबदल होते. नुसत्या चालीवर पाठ केलेलं लिहिताना हाताशी येतंच असं नाही.

इथे संगणक खरंच कामाला येतो, पण चार पर्यायांतून एक निवडायला लावणारे खेळ पुरत नाहीत. तिथे शब्द समोरच असतो, आठवावा लागत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे देऊन हे तपासलं. पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे.

लिब्रे ऑफिस कॅल्क फुकट मिळतं. त्यात एका रकान्यात दहा शब्द लिहून तो लपवा. आई-बाबांनी शब्द वाचावा, मुलाने दुसऱ्या रकान्यात टाइप करावा. तिसऱ्यात दोन्ही जुळतात का हे तपासणारं 'एक्झॅक्ट' सूत्र टाका. शब्द आपोआप सुचवण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय आधी बंद करा, नाहीतर अभ्यास संगणकाचाच होईल.

शब्दही गटाने निवडा. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने मुळाक्षरांचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट घेतले आणि त्यांतून लगेच शब्द बनवायला शिकवलं. तोच धागा इथे धरता येतो. इंग्रजीत नाइट, लाइट, राइट एकत्र घ्या, म्हणजे न उच्चारलेले जी-एच तिन्हींत दिसतील.

मराठी शुद्धलेखनालाही हे लागू पडतं. ऊस पण उसाला, गूळ पण गुळाची, वीट पण विटेवर. अशा शब्दांना प्रत्यय लागला की दीर्घ ऱ्हस्व होतो, हे या जोड्या टाइप करताना मुलाच्या लक्षात येतं. मग नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

रोज दहा मिनिटं पुरेत. चुकलेला शब्द दोन दिवसांनी पुन्हा विचारा, पुढच्या आठवड्यातही एकदा. शेवटची फेरी मात्र वहीत, हाताने लिहूनच घ्या. शाळेतली परीक्षा कागदावरच असते. आणि दहापैकी सहा बरोबर आले, तर आधी त्या सहांचं कौतुक करा. उरलेले चार शिकायला मूल पुन्हा बसलं पाहिजे.